नातवंडांसोबत नेमबाजी चालूच ठेवा, पण ठेव मोडून रायफली घेऊ नका

प्रश्न : माझं वय 67, ह्यांचं 70. गेलं दीड वर्ष आम्ही दोघं महिन्यातले दोन रविवार 13 वर्षांच्या नातीला आणि 9 वर्षांच्या नातवाला घेऊन नेमबाजीच्या रेंजवर जातो. एअर रायफल रेंजचीच, भाड्याने घेतलेली. आता मुलांसाठी दोन मॅच रायफली, म्हणजे स्पर्धेच्या, आणि नेमबाजीची दोन जॅकेटं घ्यावीत, आम्ही दोघांनी क्लबचं आजीव सभासदत्व घ्यावं, असं मनात आहे. त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागेल. मुलगी म्हणते, हा म्हातारपणीचा हट्ट आहे. नात डावखुरी आहे. सगळे आकडे सोबत पाठवले आहेत. काय करावं?

उत्तर : आधी मुलीच्या शब्दाबद्दल. हा हट्ट नाही. सत्तरीचा माणूस आणि तेरा वर्षांची मुलगी एकाच रेषेवर उभे राहून, एकाच नियमाने, एकाच अंतरावरून खेळतील असे खेळ फार थोडे. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये वयाच्या 72 व्या वर्षी नेमबाजीत रौप्यपदक मिळवलं, त्यांचा मुलगा आल्फ्रेडही त्यांच्यासोबत खेळायचा. जॉर्जियाच्या निनो सालुक्वाद्झे 2016 ला रिओत आपल्या मुलासोबत ऑलिंपिकला उतरल्या. तेव्हा तुमचे ते दोन रविवार माझ्या लेखी खर्चाच्या यादीत सगळ्यात वरचे आहेत, ते कापू नका.

पैशाच्या बाबतीत मात्र मुलीचं बरोबर आहे.

तुमचे आकडे मी घरखर्चाच्या महिन्यांत मांडून पाहिले. ठेव आहे 12 महिन्यांच्या घरखर्चाइतकी. दोन रायफलींना 4 महिने, जॅकेटांना 1 आणि आजीव सभासदत्वाला 2, असे 7 महिने जाणार. हातात उरणार 5. याशिवाय तुमच्याकडे राहतं घर आणि पेन्शन, बाकी काही नाही. पेन्शन वाढणारी नाही आणि ह्यांच्या पश्चात ती निम्मी होईल, असं तुम्हीच लिहिलं आहे. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर आजचा खर्च 12 वर्षांत दुप्पट होतो. तेव्हा तुम्ही 79 वर्षांच्या असाल. ती ठेव खरं तर तुमची आहे, आणि त्यातही तुमच्या एकटीच्या वर्षांची. तिला हात लावू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन. शिवाय मुदतीआधी मोडली की व्याजही कमी मिळतं.

आता रायफल. रेंजच्या रायफलीचं एका खेपेचं भाडं तुम्ही दिलंय. त्या हिशोबाने नवी रायफल म्हणजे 150 खेपांचं भाडं. वर्षाला तुमच्या 24 खेपा होतात, म्हणजे रायफलीचे पैसे वसूल व्हायला सहा वर्षांहून अधिक लागतील. सहा वर्षांत नातू 15 चा होतो आणि नात 19 ची, म्हणजे शाळा संपून घराबाहेर. दरम्यान खांदा, हात, मान, सगळं वाढतं. रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकवायचा मागचा भाग, कमी-जास्त करता येणारा असला तरी त्यालाही मर्यादा असते. जॅकेट तर अंगाला घट्ट बसलं तरच उपयोगाचं. वाढत्या मुलाला आज बेतून घेतलेलं जॅकेट दीड-दोन वर्षांत आखूड होणार. या वयात जॅकेट विकत घेऊच नका, क्लबमध्ये मोठ्या झालेल्या मुलांची वापरलेली मिळतात का ते विचारा.

नात डावखुरी आहे, ही गोष्ट तुम्ही पत्रात शेवटी जाता जाता लिहिलीत, पण खरेदीसाठी ती मोठी आहे. उजव्या हाताचा दस्ता तिच्या गालाला नीट लागणार नाही. म्हणजे तिला डाव्या हाताची रायफल लागणार, आणि ती पुढे नातवाकडे जाईल असा तुमचा हिशोब असेल तर तो तिथेच मोडतो. डाव्या हाताच्या रायफलीला गिऱ्हाईकही कमी, त्यामुळे विकताना फटका बसतो. आणि हात डावा म्हणून डोळाही डावाच जोरकस असेल असं नाही. प्रशिक्षकाकडून तिचा कोणता डोळा नेम धरतो हे आधी तपासून घ्या.

नातवासाठी रायफल घेणं तर आणखी घाईचं आहे. नियमानुसार एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. नऊ वर्षांच्या मुलाने ते उभ्याने तोलून 10 मीटरवरच्या टार्गेटमधला अर्ध्या मिलिमीटरचा मधला ठिपका टिपावा ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. त्याला रायफल स्टँडवर टेकवून खेळू द्या. हे कमीपणाचं मुळीच नाही. जर्मनीत ज्येष्ठांच्या टेकवून खेळायच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. म्हणजे तुमची आणि नातवाची सोय एकच झाली.

तुमच्या यादीत एक खर्च आलाच नाही. रायफल घरी आली की कुलपाचं कपाट लागतं. छर्रे वेगळे, दुसऱ्या कुलपात. किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी. घरात दोन मुलं येऊन-जाऊन असताना याला पर्याय नाही. खेळाची असली तरी ती बंदूकच. ती कोणाच्या नावावर असेल, परवाना लागतो का, तुमच्यानंतर ती कोणाकडे आणि कोणत्या कागदपत्रांवर जाईल, हे तुमच्या भागातल्या कायद्याप्रमाणे आधी लेखी विचारून घ्या. रायफलीला लावलेल्या दाबाच्या हवेच्या सिलिंडरलाही मुदत असते, स्पर्धेच्या नियमांत जास्तीत जास्त दहा वर्षांची. ती संपली की नवा घ्यावा लागतो. मधल्या काळात सील बदलणं वगैरे आहेच. रायफल रेंजची असली की ही सगळी काळजी रेंजची.

आजीव सभासदत्व नको. ते 11 वर्षांच्या वार्षिक वर्गणीइतकं पडतंय, म्हणजे ह्यांच्या 81 व्या वर्षापर्यंत त्यात काहीच सुटत नाही. आणि ते नातवंडांच्या नावावर करता येतं का? तसं कुठे लिहिलेलं नसेल तर येत नाही असंच धरा. दरवर्षी वर्गणी भरा. प्रकृतीने साथ दिली तर पुढच्या वर्षी पुन्हा.

मग करायचं काय? घरखर्च भागून तुमच्याकडे दर महिन्याला खर्चाचा आठवा हिस्सा उरतो. वर्षाचे झाले दीड महिन्याच्या खर्चाइतके पैसे. दोन रायफलींचं भाडं, वर्गणी आणि छर्रे मिळून वर्षाचा खर्च एका महिन्याच्या आतच बसतो. छर्‍यांचं सांगते: चौघांनी प्रत्येकी 30 झाडले तर एका खेपेला 120 लागतात, म्हणजे 500 चा डबा चार खेपा, दोन महिने पुरतो. हा सगळा खर्च पेन्शनमधून आरामात निघतो, ठेवीकडे बघायचीही गरज नाही. यातूनच आधी चौघांसाठी डोळ्यांचे आणि कानांचे संरक्षक घ्या, आपापल्या मापाचे. छर्रे शिशाचे असतात, खेळून झाल्यावर मुलांनी साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, याला पैसे पडत नाहीत. महिन्यातून एकदा प्रशिक्षकाची वेळ घ्या. नव्या रायफलीपेक्षा तिथे दिलेल्या पैशाने नातीचे गुण जास्त वाढतील. नेम धरून रिकामा चाप ओढायचा सराव तर फुकटच असतो, मात्र तोही रेंजवर, प्रशिक्षकासमोर.

उरलेला अर्धा महिना वेगळ्या खात्यात टाका, 'नातीची रायफल' असं नाव देऊन. तेवढीच रक्कम मुलीने आणि जावयांनी टाकावी. हे मागायला संकोच करू नका. मुलांवरच्या खर्चात आई-वडिलांचा वाटा असला की घरातला विरोधही मावळतो. दोन वर्षांत एका रायफलीचे पैसे जमतील. नात तेव्हा 15 ची असेल, तिची उंची बरीचशी स्थिरावलेली असेल आणि तिला हा खेळ मनापासून हवा आहे की आजी-आजोबांसाठी ती येते, हेही कळलेलं असेल. दुसरं निघालं तरी वाईट वाटून घेऊ नका, पैसे खात्यातच आहेत. हवी असेल तर डाव्या हाताची, वापरलेली, सिलिंडरची तारीख पाहून घ्या. नातवाचं नंतर बघू. आत्ता दोघांना सारखं द्यायचं म्हणून दोन रायफली घेऊ नका, त्याला त्याच्या पंधराव्या वर्षी त्याच्या मापाचं काहीतरी द्या.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. ती ठेव दोघांच्या नावे आहे का आणि ह्यांच्या पश्चात तुम्हाला एकटीला सहीनिशी काढता येते का, हे बँकेत जाऊन पाहून या. तुमच्या कागदांत ठेवीवर एकच नाव दिसतंय, ह्यांचं.