रोज पाच-सहा कप चहा होतो. कॅफिनचे फायदे-तोटे काय? चहा सोडून द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात पाच-सहा कप होतात आणि रात्री झोप लागत नाही. मी फार्मासिस्ट आहे, दुकानात हा प्रश्न बरेचदा येतो. माझं मत स्पष्ट आहे: चहा सोडू नका, त्याच्या वेळा बदला.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. थकवा तसाच राहतो, फक्त जाणवत नाही. पोटात गेलेलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतंच. तुमची झोप बहुधा तिथेच अडते, सकाळच्या दोन कपांमुळे नव्हे. दुपारी दोननंतरचा चहा पंधरा दिवस बंद ठेवून बघा.

प्रमाणाचं म्हणाल तर राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५, तर तेवढ्याच फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं. टपरीवरची कटिंग यापेक्षा लहान, पण कडक चहाचे सहा मोठे कप मर्यादा ओलांडू शकतात.

फायदे खरे आहेत. तरतरी येते, लक्ष लागतं, व्यायामात दम टिकतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो, तेव्हा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, त्यांना कॅफिन सायट्रेट देतात. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांतही कॅफिन असतं, कारण त्याने वेदनाशामकाचा गुण वाढतो.

त्यावरून आठवलं. श्रावणात चहा सोडायचा नेम करणारे दुसऱ्या दिवशी कपाळ धरून दुकानात येतात. हे डोकं कॅफिन एकदम तुटल्याने दुखतं. मग कॅफिनचीच गोळी घेतली की बरं वाटतं, आणि चहा सुटला तरी कॅफिन सुटत नाही. अशांना मी गोळीच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचून दाखवतो. कमी करायचंच असेल तर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करा.

मला खरी काळजी वाटते ती लोहाच्या गोळ्या नेणाऱ्या बायकांची. हिमोग्लोबिन आठ-नऊवर असतं आणि गोळी घेतली जाते चहासोबत, कारण सकाळी तेवढीच काय ती उसंत. चहातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, मग ते रक्तात पुरेसं जातच नाही. यात दोष कॅफिनचा नाही, पण नुकसान चहानेच होतं. महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही रिपोर्ट हलत नाही, आणि घरचे म्हणतात हिला गोळी लागू पडत नाही! गोळी पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्यावी, जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. थायरॉइडची गोळीही अनशापोटी पाण्यासोबत, चहा त्यानंतर किमान अर्ध्या तासाने.

गरोदर बाईने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, कारण त्या काळात शरीरातून कॅफिन फार सावकाश जातं. तुम्हाला छातीत धडधड होत असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर रोजचे कप किती ते डॉक्टरांना नेमकं सांगा. बहुतेक जण दोनच सांगतात.