एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये दुसऱ्या संघाच्या ऑफरशी बरोबरी करून खेळाडू ठेवता येतो, मग रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट (करार संपलेला, पण जुन्या संघाकडे असा बरोबरीचा हक्क असलेला खेळाडू) होण्याआधीच त्याला ट्रेड का करतात, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात दुसरे खेळाडू का घेतात?

ठेवता येतो, पण बरोबरी करायची म्हणजे तेवढे पैसे मोजायचे. ते झेपणार नसेल तर आधीच सौदा केलेला बरा, नाहीतर उन्हाळ्यात हाती भोपळा. न्यू यॉर्कच्या निक्स संघाने डिसेंबर 2023 मध्ये इमॅन्युएल क्विकली आणि आर. जे. बॅरेट टोरंटोच्या संघाला देऊन ओजी अनुनोबी आणला. क्विकली तेव्हा निक्सच्या जेलन ब्रन्सनच्या मागे, बेंचवरून (राखीव म्हणून) यायचा. पुढच्या उन्हाळ्यात जुना करार संपल्यावर टोरंटोने त्याला 5 वर्षांसाठी, बोनस धरून 17.5 कोटी डॉलरपर्यंतचा करार दिला. बेंचवरच्या गड्याला निक्स एवढे कशाला देतील? गंमत म्हणजे बरोबरीचा हक्कही ट्रेडबरोबर नव्या संघाकडे जातो. म्हणून तर करार संपत आलेल्या अशा खेळाडूलाही भाव मिळतो.