आईला न सांगता थोडं थोडं टाकलं तर?

"आईला न सांगता घरातलं जुनं सामान थोडं थोडं टाकत गेलो, तर चालेल का?" घर विकायला काढलेली पन्नाशीच्या आसपासची मुलं-मुली सल्ल्यासाठी माझ्याकडे आली, की हा प्रश्न वरचेवर विचारतात. पुण्यात सध्या कुणाच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट निघालंय, तर कुणाला लिफ्ट नाही म्हणून आईवडिलांना दुसरीकडे न्यायचंय. एका अख्ख्या पिढीवर माळे उतरवायची वेळ एकदम आली आहे. माझं उत्तर 'नाही' असं आहे. का, ते एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील अर्थातच बदलले आहेत.

कोथरूडमधली ऐंशीच्या दशकातली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. काकू पंचाहत्तरीच्या, गुडघे बोलायला लागलेले. काका जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा-सून बावधनला. त्यांच्याच सोसायटीत काकूंसाठी वन बीएचके घ्यायचा आणि त्यासाठी हा फ्लॅट विकायचा, हे काकूंच्या संमतीनंच ठरलं होतं. एजंट बघून गेला आणि जाता जाता म्हणाला, "आधी जरा मोकळं करा, मग फोटो काढू. गिऱ्हाइकाला भिंत दिसली पाहिजे."

मुलानं ते फारच मनावर घेतलं. एका शनिवारी काकू भजनी मंडळाला गेल्या असताना त्यानं भंगारवाल्याला बोलावलं. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, काचेच्या बरण्या, बंद पडलेला मिक्सर, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, सगळं टेम्पोत चढलं. संध्याकाळी काकूंनी आतल्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि जाहीर केलं, घर विकायचं नाही.

मुलगा माझ्याकडे आला तो निदान घेऊनच. "मॅडम, हा होर्डिंग डिसऑर्डर आहे ना? मी वाचलंय." वस्तू साठवत राहण्याचा असा आजार असतो, यात शंका नाही. पूर्वी तो बहुधा ओसीडीचाच, म्हणजे तेच ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचाच, एक प्रकार समजला जायचा. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. पण त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. वस्तू कवडीमोलाची असली तरी टाकणं अशक्य होतं, टाकायचा विषय निघाला तरी जीव कासावीस होतो आणि राहती जागा वापरता येत नाही इतकी भरून जाते. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही. काकूंचा ओटा लख्ख होता. शेजारणींना त्या डबे भरभरून फराळ द्यायच्या आणि डबे परत मागायच्याही नाहीत. माळा भरलेला असणं हा आजार असता, तर नुसत्या सदाशिव पेठेनं मला जेवायला उसंत दिली नसती.

एक मात्र मी मुलाला विचारलंच: ही सवय जुनी की हल्लीची? आयुष्यभर नीटनेटकं राहिलेलं माणूस उतारवयात अचानक कागद, पिशव्या, सुतळ्या जमवू लागलं, तर आधी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. डिमेन्शियाची सुरुवात अशीही दिसू शकते. काकूंचं तसं काही नव्हतं.

नंतर काकू एकट्या आल्या. खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "त्या डब्यांत काही नव्हतं हो. मला विचारलं असतं, तर मीच दिले असते."

मला वाटतं, या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. भांडण डब्यांचं नव्हतंच. आपल्या घरात आपल्याला विचारलं जातं की नाही, याचं होतं. घर सुटणार, स्वतःचा जिना, स्वतःचा वाणी, स्वतःची भाजीवाली सुटणार. आपल्या हातात राहिलेला शेवटचा अधिकार म्हणजे काय ठेवायचं ते ठरवणं. गुपचूप टाकणारी मुलं नेमकी त्याच्यावर घाला घालतात. आणि एकदा विश्वास उडाला, की आईचा प्रत्येक चिंधीवर पहारा बसतो. अर्ध्या दिवसात माळा रिकामा करून मुलानं पुढचे दोन महिने घालवले होते.

बोलता बोलता पानशेत निघालं. 12 जुलै 1961ला धरण फुटलं, तेव्हा काकू शाळेत होत्या, घर नारायण पेठेत. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा खोल्यांमध्ये नुसता गाळ. "आमच्याकडे त्याच्या आधीचा एकही फोटो नाही. मी लहानपणी कशी दिसायचे, मला माहीत नाही." ऐकताना वाटलं, हे सगळ्याचं मूळ. पण इतकं सोपं स्पष्टीकरण मला पटत नाही. काकूंच्या थोरल्या बहिणीनंही तोच पूर पाहिला आणि त्यांच्या घरात म्हणे जादा चादरसुद्धा सापडत नाही. एकच घाव दोघींना दोन वाटांनी घेऊन गेला. तरीही मुलाला हे कळणं गरजेचं होतं. पानशेतची गोष्ट त्यानं ऐकली होती, फोटोंची नव्हती.

मग तिघांना एकत्र बसवलं. पहिली गोष्ट ठरवली ती अशी, की घर दाखवायची तारीख वेगळी आणि सामानाचा निकाल लावायची तारीख वेगळी. मुलं या दोन्हींची सांगड घालतात आणि चाळीस वर्षांचा संसार एजंटच्या सोयीनं आटपायला बघतात. फोटोंसाठी हॉलची जमीन, ओटा आणि बाल्कनी मोकळी असली की पुरतं. उरलेलं खोक्यांत भरून आतल्या खोलीत एका भिंतीला लावा, वर काय आहे ते लिहा. घेणारा पार्किंग विचारतो, ओल कुठे आहे ते बघतो, रीडेव्हलपमेंटचं काय चाललंय ते विचारतो. खोकी बघून कुणी परत जात नाही.

दुसरं, कागद सापडेपर्यंत एकही गठ्ठा रद्दीत जाणार नाही. मूळ करारनामा, इंडेक्स टू (करारनाम्याच्या नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मिळकत कराच्या पावत्या. मूळ करारनामा हरवला, तर पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस इथपासून सुरुवात होते. काकांनी ही कागदपत्रं ठेवली होती जुन्या वीजबिलांबरोबर, साडीच्या दुकानाच्या पिशवीत. कुठल्या पिशवीत, ते फक्त काकूंना माहीत होतं. त्या दिवसापासून मुलाचा सूर बराच खाली आला.

बाकीचं काम हळूहळू झालं. सकाळच्या चहानंतर तास-दीड तास, पुढे नाही. काकूंनी खुर्चीत बसायचं, मुलानं उतरवायचं, स्टुलावर काकूंनी चढायचं नाही. सुरुवात ज्या वस्तूंमागे गोष्ट नाही तिथून: मुदत संपलेली औषधं, चार्जर, रिकामे खोके. फोटो आणि पत्रं अगदी शेवटी, कारण तिथे एक पाकीट उघडलं की सकाळ संपते. संपू द्यावी.

मध्येच अमेरिकेतली लेक व्हिडिओ कॉलवर उगवली. "आजीचं घंगाळ देऊ नका हं! माझा पाळणा तर मुळीच नाही!" लांब राहणाऱ्या भावंडांची माया वस्तूंवर अशी फोनवरून उतू जाते आणि जागा मात्र दुसऱ्याच्या घरातली लागते. मी नियम सुचवला: ज्याला हवं, त्यानं अमुक तारखेपर्यंत आपल्या घरी न्यावं. पाळण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तांब्याच्या बंबावर गाडी अडली. मोडीचा भाव ऐकून काकू संतापल्या. आपल्या मालकीची वस्तू माणसाला जास्त मोलाची वाटते. 1990मध्ये प्रसिद्ध झालेल्या कान्हेमन, नेच आणि थेलर या संशोधकांच्या प्रयोगात ज्यांना कप दिले गेले, ते विकायला तयार होते त्या किमतीच्या जवळपास निम्मीच किंमत घेणारे देऊ करत होते. कप तर हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. बंबावर इथे सगळ्या बाळांची न्हाणी झालेली. गंमत म्हणजे त्याच काकूंनी तो बंब मुळशीला घर बांधलेल्या पुतण्याला फुकट दिला. पैशांचा प्रश्नच नव्हता, तो कुणाच्या हातात जाणार याचा होता. म्हणून मी नेहमी सांगते, किंमत विचारू नका, "हे कुणाला शोभेल?" असं विचारा. साड्या गोधड्या शिवणाऱ्या बाईंकडे गेल्या. काकांची अभियांत्रिकीची पुस्तकं दोन ग्रंथालयांनी नाकारली, ती शेवटी रद्दीतच गेली. जुनी पुस्तकं कुणीतरी आनंदानं घेईल, या भ्रमात राहू नये. मोडी लिपीतले जुने कागद निघाले, तर मात्र थांबावं आणि भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी आधी दाखवून घ्यावेत. मंडळ 1910पासून हेच काम करतंय.

काकांचे चार सदरे काकूंनी बॅगेत घातले. मुलानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. नव्या घरात त्या सदऱ्यांना एका खणाची जागा लागणार होती, तेवढी होती.

फ्लॅट विकला गेला. घेणाऱ्यांनी माळ्यासकट सगळं फोडून नव्यानं करायचं ठरवलं होतं, त्यामुळे एजंटच्या त्या भिंतीचा शेवटी कुणाला काही उपयोग झाला नाही. दोन पत्र्याच्या पेट्या न उघडताच बावधनला गेल्या आणि सध्या नातवाच्या खोलीत आहेत. त्यावरून परवा सूनबाईंचा फोन आला होता, जरा वैतागलेलाच. पेट्या न उघडता त्यांनी आधी सासूबाईंना विचारलं होतं, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, दिवाळीनंतर बघू.