विद्यापीठाच्या इमारतीतल्या खोल्यांना फर्निचरवाल्या देणगीदारांची नावं द्यावीत का?

तुमच्या विभागाच्या नव्या इमारतीसाठी फर्निचरच्या धंद्यातले चार-पाच जण देणगी द्यायला तयार आहेत, बदल्यात वर्गांना आणि सेमिनार हॉलला त्यांची नावं हवी आहेत, आणि एकाने तर थेट दुकानाचं नाव मागितलंय. हे शोभतं का, आणि द्यायचंच तर कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात तीस-एक वर्षं काढली, शेवटची काही अधीक्षक म्हणून. देणगीची पावती फाडणं, पाटी रंगवून आणणं आणि पुढे त्या पाटीवरून झालेली भांडणं मिटवणं, हे तिन्ही माझ्याच टेबलावर यायचं. त्यामुळे सरळ सांगतो. नावं द्या, पण माणसाची द्या, दुकानाची नको. आणि किती वर्षांसाठी, ते पाटी ठोकायच्या आधी कागदावर घ्या.

नाव देण्यात कमीपणा काही नाही. आपण आहेरात तांब्या दिला तरी त्यावर नाव घालून देतो. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि नाव लागलं त्यांच्या आईचं. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव गडगडले, त्यात प्रेमचंदही बुडाले. टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. पेढीचं नाव दिलेलं असतं तर उद्घाटनाच्या दिवशी लोक तोंडात पदर घेऊन हसले असते. आईचं होतं म्हणून निभावलं. विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख दिले, तिथेही नाव आईचंच, नाथीबाईंचं. आणि फर्ग्युसन साहेबांनी किती दिले? १,२०० रुपये. ते गव्हर्नर होते, म्हणून तेवढ्यात कॉलेजला नाव मिळालं. रकमेचा आणि नावाचा मेळ आपल्याकडे पहिल्यापासून असाच आहे, तेव्हा त्यावर फार डोकं शिणवू नका.

दुकानाच्या नावाबद्दल मात्र अडून बसा. एक कारण हिशेबाचं आहे. ११ ऑक्टोबर २०१९ चं जीएसटीचं एक परिपत्रक आहे, ११६ नंबरचं. धर्मादाय संस्थेला कुणी देणगी दिली आणि संस्थेने कृतज्ञता म्हणून त्याच्या नावाची पाटी लावली, तर त्यावर जीएसटी नाही, असं ते सांगतं. वडिलांच्या स्मरणार्थ खोली बांधून दिली आणि दारावर तसं लिहिलं, अशा धर्तीचं उदाहरणही त्यात आहे. अट एवढीच की त्या पाटीतून धंद्याची जाहिरात होता कामा नये. म्हणजे ‘कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ’ चालेल. ‘अमुक फर्निचर, सोफा, बेड व ऑफिस टेबलचे होलसेल व्यापारी’ अशी पाटी लावलीत, तर ती देणगी राहत नाही, जाहिरातीचं भाडं होतं. तुमच्या लेखापालाला हे परिपत्रक आधी वाचायला द्या. मागितलेल्या नावांचे मसुदे त्यालाच दाखवा, तुमचं निम्मं काम तोच करेल.

परदेशात कंपनीची नावं सर्रास देतात, हे मला माहीत आहे. माझी पुतणी मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सला असते. त्या गावाला ‘फर्निचर सिटी’च म्हणतात. तिथे ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीच्या शहरातल्या एका ग्रंथालयाला स्टीलकेस हे ऑफिस फर्निचरच्या कंपनीचं नाव आहे. तिकडे ते खटकत नाही, कारण गावच त्या धंद्यावर मोठं झालं. तसंच नॉर्थ कॅरोलायनातलं हाय पॉइंट. तिथे दर एप्रिल-ऑक्टोबरला फर्निचरचा मोठा बाजार भरतो, आणि तिथल्या युनिव्हर्सिटीच्या इमारतींवर फर्निचरवाल्या घराण्यांची नावं आहेत. सोलापुरात उद्या टेक्स्टाइलच्या एखाद्या लॅबला चादर कारखानदाराचं नाव लागलं तर कुणी हूं का चूं करणार नाही. गिरणी बंद पडून जमाना झाला तरी आपण अजून ‘जुनी मिल’ म्हणूनच पत्ता सांगतो. पण फर्निचरचं आणि, समजा, संस्कृत विभागाचं काय नातं? तुमच्याकडे इंटेरिअर डिझाइनची किंवा वर्कशॉपची खोली असेल तर ती यांना आधी दाखवा. तिथे नाव शोभेल, आणि देणाऱ्यालाही पोरांना घेऊन प्लायवूड आणि एमडीएफमधला फरक दाखवायला यावंसं वाटेल.

आता आमच्याकडचा प्रकार. एका फर्निचर व्यापाऱ्याने आम्हाला सेमिनार हॉलसाठी बाकं दिली होती. हॉल आधीचाच होता, त्यांनी फक्त बाकं दिली, तरी नाव मात्र अख्ख्या हॉलला लागलं. बाकांचं आयुष्य तुम्हाला ठाऊकच असेल. कडेची सनमायकाची पट्टी एकदा सुटली की पोरं तास संपेपर्यंत ती सोलत बसतात. दहा-बारा वर्षांत निर्लेखन झालं, म्हणजे नोंदवहीतून ती कमी केली, आणि बाकं भंगारात गेली. पाटी राहिली. पुढे माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने खुर्च्या, प्रोजेक्टर, एसी असा सगळा खर्च उचलला आणि हॉलला आपल्या सरांचं नाव मागितलं. व्यापाऱ्यांचे चिरंजीव उद्घाटनाचा फोटो घेऊन कार्यालयात हजर. मी फाइल काढली. करार नाही, ठराव नाही, फक्त एक आभाराचं पत्र. त्यात वाक्य होतं, ‘आपले नाव या वास्तूशी सदैव जोडलेले राहील.’ ते ‘सदैव’ मीच टाइप केलेलं. शेवटी जुनं नाव आत एका छोट्या पितळी पाटीवर गेलं. चिरंजीव कार्यक्रमाला आले नाहीत. त्यानंतर रस्त्यात भेटले तरी मान वळवायचे, आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही.

त्यावरून माझा हिशेब असा: बाकं दिली तर नाव बाकावर, खोली बांधायचे पैसे दिले तर खोलीवर. बाकं मोडली की बाकावरचं नाव त्यांच्याबरोबर जातं, तंटा नाही. खोलीचं नाव पंधरा-वीस वर्षांचं ठेवा, नूतनीकरण निघालं तर पहिली संधी त्याच घराला, असं लिहा. देणगीदारावर पुढेमागे काही गंभीर गुन्हा सिद्ध झाला तर पाटी काढता येईल, हेही लिहून घ्या. हे वाक्य बोलायला अवघड जातं, म्हणून सगळ्यांसाठी एकच छापील मसुदा करा. मग कुणाला ते आपल्यावरच आहे असं वाटत नाही.

फर्निचरवाल्यांच्या बाबतीत खरी गोम वेगळीच आहे. त्यांना पैसे देण्यापेक्षा माल देणं सोपं जातं. पण मालावर देणगीची आयकर वजावट, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती मिळत नाही, त्याला पैसेच लागतात, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिले तरी मिळत नाही. मग कुणीतरी डोकं चालवतं: यांनी चेक द्यायचा, आपण पावती द्यायची, आणि त्याच पैशातून यांच्याकडूनच टेबलं घ्यायची. आपलाच हात जगन्नाथ! मी तीन कोटेशनं एकाच अक्षरात लिहिलेली पाहिली आहेत, तिन्ही लेटरहेड वेगळी, शाई एकच. म्हणून ज्याचं नाव लागेल त्याच्याकडून त्या इमारतीची खरेदी काही वर्षं करणार नाही, असं ठरावातच घ्या. खरा देणारा यावर नाराज होत नाही. जो होतो, त्याला पाटी कशासाठी हवी होती ते तिथेच कळतं.

आणि सगळ्या खोल्या विकायला काढू नका. नावाचा विषय आपल्या गावात किती तापतो ते तुम्ही पाहिलंय. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झालं, अहिल्यादेवींचं नाव लागायला २०१९ उजाडलं, आणि मधल्या काळात कुणाचं नाव यावर काय काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको. मुख्य सभागृह बाजूला ठेवा. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं नाव तिथे द्या किंवा कुणाचंच देऊ नका, पण त्याला भाव लावू नका.

एक बारीक गोष्ट राहिली. पाटीवर खोलीचा नंबर नावापेक्षा मोठा ठेवा. आमच्याकडे एका वर्षी रंगकामात नंबर पुसले गेले आणि नुसती नावं उरली. परीक्षेच्या पहिल्या दिवशी अक्कलकोट-मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीने आलेली पोरं हॉलतिकीट हातात धरून जिन्यात वर-खाली पळत होती. तिकिटावर २०३ होतं आणि दारावर कुणाच्या तरी आजोबांचं नाव. शेवटी शिपायाने खडूने दारांवर आकडे काढले, तेव्हा पेपर सुरू झाला.