बॅरलमध्ये मुरवलेली, मिठाईच्या चवीची बिअर कशी प्यावी? सोबत काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की मावसभावाने अमेरिकेहून बॅरल-एज्ड स्टाउटची, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेल्या काळ्या, दाट बिअरची बाटली आणली आहे, लेबलवर व्हॅनिला, दालचिनी, चॉकलेट अशी नावं आहेत, आणि नाशिकच्या घरी ती उघडताना सोबत जिलेबी आणावी का.

जिलेबी आणू नका. मी आणली होती.

गेल्या डिसेंबरात भाच्याने अशीच अर्ध्या लिटरची बाटली आणली. मी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत सेलरचं, म्हणजे वाइनची पिंपं ठेवतात त्या कोठाराचं काम बघतो, म्हणून ‘मामाला लाकडातलं कळतं’ असं म्हणत त्याने ती माझ्या हवाली केली. कळणाऱ्या मामाने काय केलं, तर बाटली दिवसभर फ्रीजमध्ये ठेवली, येताना पाव किलो गरम जिलेबी बांधून आणली आणि आम्ही चौघं गच्चीत बसलो. जिलेबीचा तुकडा, त्यावर घोट. तोंडात करपलेल्या कॉफीचं गार पाणी आणि घशाला चटका. भाचा म्हणाला, “मामा, एवढं वजन मी उगाच वाहून आणलं का?”

बिअरचा दोष नव्हता. तोंडात पाक असला की वरून घेतलेलं गोड पेय गोड लागतच नाही, त्यातला कडूपणा तेवढा पुढे येतो. लाडू खाऊन चहा पिऊन बघा. त्यात ती गारढोण, म्हणजे वासही बांधलेला.

जिलेबी आत पाठवली आणि ग्लास तसेच हातात धरून गप्पा मारत बसलो. अर्ध्या तासाने नाक घातलं तर वेगळीच वस्तू! गुळाची पोळी तव्यावर फुटून गूळ जरा करपतो, तो वास. त्यामागे भाजलेलं सुकं खोबरं. आता गंमत अशी की लेबलवर खोबऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. ते खोबरं लाकडाचं. अमेरिकन ओकच्या लाकडात लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यांना खोबऱ्यासारखा वास असतो; आमच्या सेलरमध्ये अमेरिकन आणि फ्रेंच ओकची पिंपं नुसत्या नाकाने वेगळी काढता येतात ती बरीचशी त्यावरूनच. व्हॅनिलासुद्धा सगळा शेंगेतून आलेला नसतो, ओक भाजलं की त्यातून व्हॅनिलिन सुटतं.

ही पिंपं बहुतेक वेळा बर्बन या अमेरिकन व्हिस्कीची असतात. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या ओकमध्येच ठेवावी लागते. त्यामुळे साधारण २०० लिटरचं ते पिंप बर्बनसाठी एकदाच वापरलं जातं आणि मग विकायला निघतं. लाकडात व्हिस्की मुरलेली असतेच. त्यात काळी, दाट स्टाउट कित्येक महिने, कधी वर्षभर ठेवतात, आणि लोणच्यासारखं दोन्ही एकमेकांत मुरतं. शिकागोच्या गूस आयलंड या बिअर कंपनीने १९९० च्या दशकात हे सुरू केल्यावर बाकीच्यांनी उचललं. मिठाईचा प्रकार त्यानंतरचा. त्यात पुष्कळदा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर घालतात. बिअरच्या यीस्टला ती खाता येत नाही, म्हणून गोडवा शिल्लक राहतो. कुणाला दूध पचत नसेल तर आधी विचारून घ्या.

तर करायचं ते असं. बाटली फ्रीजमधून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. १२ ते १४ अंश बरं. एप्रिल-मे असेल तर वीस मिनिटं पुरेत, नाशिकची थंड हवा तेव्हा फक्त बोलण्यापुरती असते. बिअरचा मग नको, रेड वाइनचा ग्लास घ्या आणि तळाशी दोन-तीन बोटंच ओता. फेस गुळाच्या रंगाचा येईल आणि लवकर बसेल, त्याने घाबरू नका. ग्लास फिरवला की काकवीसारखी कड काचेवर रेंगाळेल. चव मात्र आंबट लागली, तर पिंपात नको ते जंतू शिरले असं समजा. बेसिनमध्ये ओता आणि मावसभावाला काही बोलू नका.

सोबत खारं ठेवा. आमच्याकडे खारे शेंगदाणे आणि मिठाची शंकरपाळी या दोन्हींनी बाजी मारली, चीजचा जुना तुकडा मिळाला तर आणखी छान. चिवडा मीही काढला होता, पण तिखट आणि अल्कोहोल मिळून जीभ नुसती भाजते. तो साध्या बिअरसाठी राखा.

वर्षानुवर्षं जपूनही ठेवू नका. दालचिनी-चॉकलेटचा वास आधी विरतो आणि मग पैसे कशाचे दिले तेच कळत नाही.

आणि लेबलवरचा टक्का वाचा. आपल्याकडची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांच्या आत असते, आमची ही १२ ची होती. अर्धा लिटर म्हणजे ६० मिली शुद्ध अल्कोहोल, दोन लार्ज पेग व्हिस्कीत असतं त्याहून थोडं जास्तच. गोड असल्याने ते जाणवत नाही. चौघांत एक बाटली पुरते. त्यातल्या कुणाला गंगापूर रोडने गाडी चालवत घरी जायचं असेल, तर त्याला फक्त वास घ्यायला द्या आणि शेंगदाण्यांची वाटी त्याच्याकडे सरकवा.