घाबरलेल्या शेजाऱ्यांसाठी मंडळीने काय करावं? आधी ती वही बंद करा

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या आमच्या चर्चभोवती कागदपत्रं नसलेली कुटुंबं राहतात, धरपकडीच्या धास्तीने दारं लावून बसली आहेत, तर मंडळीने त्यांना सुवार्ता सांगावी की नुसती मदत करावी?

दोन्हीच्या आधी नावनोंदणीची वही बंद करा.

या वहीवरून आमच्या मंडळीतल्या एका पंचांशी (आम्ही त्यांना काका म्हणतो) माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. मी मूळची नगरची, आता न्यू जर्सीत एडिसनजवळ. दर शनिवारी चर्चच्या तळघरात धान्यवाटप असायचं. तांदूळ, काळा घेवडा, तेल, डायपर. रांगेत बहुतेक ग्वातेमाला आणि मेक्सिकोची माणसं. दाराशी टेबल, त्यावर वही: नाव, पत्ता, फोन, घरात माणसं किती आणि शेवटच्या रकान्यात देश. हा रकाना काकांचा, वार्षिक अहवालात इतक्या देशांच्या लोकांची सेवा केली असं छान दिसतं म्हणून. एका बाईने नाव लिहिलं, पत्ता निम्मा लिहिला, रकान्यावर नजर गेली तशी पेन खाली ठेवलं आणि पोराचा हात धरून जिना चढून गेली. पिशवी तिथेच राहिली.

काका म्हणाले, "गरज नसेल."

"काका, गरज नसती तर एवढ्या थंडीत पोर घेऊन कशाला आली असती?"

"हे बघ ताई, आपण कायद्याने वागणारी माणसं. आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

आपल्याकडे नसेलही. पण पत्ता तिचा होता ना! वर रांगेचे फोटो फेसबुकवर, चेहऱ्यांसकट.

आणि हे मी हवेत बोलत नाही. एडिसनला लागून हायलँड पार्क आहे. त्या भागात इंडोनेशियातले ख्रिस्ती लोक राहतात, 1998 च्या आसपास तिथल्या दंगली-जाळपोळीला भिऊन टुरिस्ट व्हिसावर आलेले. 2002 मध्ये सरकारने ठरावीक देशांच्या पुरुषांनी येऊन नोंदणी करावी असं फर्मान काढलं. 2003 च्या सुरुवातीला त्या यादीत इंडोनेशियाचीही भर पडली. ही सरळमार्गी माणसं आपण होऊन गेली आणि नाव-पत्ता देऊन आली. पुढे त्याच नोंदीवरून ती सापडत गेली. 2006 मध्ये जवळच्या अ‍ॅव्हनेलमध्ये छापा पडला, कित्येक घरांतले बाप एका रात्रीत गेले. 2012 मध्ये काहींनी हायलँड पार्कच्या रिफॉर्म्ड चर्चमध्ये आसरा घेतला आणि पाळक सेथ केपर-डेल यांनी त्यांना महिनोन् महिने तिथेच ठेवून घेतलं. काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपण रीतसर आलो."

नोकरीच्या व्हिसावर रीतसर आलेल्यांची नोकरी गेली की 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर चालू लागा, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आमच्या प्रार्थनासभेतल्या निम्म्या विनंत्या व्हिसाच्या असतात. त्याच भीतीत शेजारी सापडला की मग आपल्याला बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा, सत्तेच्या अधीन राहा म्हणणारा तेरावा अध्याय आठवतो.

आता काय करायचं ते. चर्च, शाळा, दवाखाने इथे शक्यतो कारवाई करू नये हा 2011 पासून चालत आलेला दंडक 20 जानेवारी 2025 ला रद्द झाला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी दावा लावला, फेब्रुवारीत मेरीलँडच्या न्यायाधीशांनी मनाईही दिली, पण ती दावा लावणाऱ्यांपुरतीच. तेव्हा आपल्या दाराशी उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकाला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आणि इमिग्रेशन खात्यातल्याच अधिकाऱ्याच्या सहीचा कागद यांतला फरक वकिलाकडून नीट समजावून द्या. पिशव्या घरपोच करा. मुलांच्या शाळेत आई-बापांशिवाय आणखी कुणाचं तरी नाव संपर्कासाठी दिलेलं आहे का ते विचारा. माणूस पकडला गेला तर त्याला शोधायला त्याचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला नोंदणी क्रमांक) आणि जन्माचा देश कामी येतो. तो नंबर त्यांच्या घरात लिहिलेला असावा, तुमच्या कपाटात नव्हे. आणि इमिग्रेशन कार्यालयात हजेरीला बोलावलं असेल तर सोबत जा. तिथे एकट्याने बसणं फार वाईट.

सुवार्तेचं म्हणाल तर यांतले बहुतेक कॅथलिक, नाहीतर पेंटेकोस्टल. स्तोत्रं आपल्यापेक्षा जास्त पाठ. आणि आम्ही नगरकडची माणसं. "दुष्काळात धान्यासाठी बाटले" हा टोमणा आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर ऐकला. त्यामुळे तांदळाच्या पिशवीत पत्रक घालायला माझा हात तरी धजत नाही. तुमच्या पाळकसाहेबांचं मत वेगळं असू शकतं.

हो, मी वकील नाही. कुणाला चर्चमध्ये राहायला ठेवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचाराच, त्यात तुमच्यावरही बालंट येऊ शकतं. शिवाय काही फूड बँका घरटी माणसांची संख्या मागतात, तेवढी द्यावी लागते. पण नाव-पत्ता खरंच लागतो का ते आधी त्यांनाच विचारा. आणि काका, हे वाचत असाल तर, अहवालाला आकडाच हवा असेल तर पिशव्या मोजा.