रूल ५ ड्राफ्टमध्ये ‘प्रोटेक्ट’ न केलेला मायनर लीगचा खेळाडू दुसरा क्लब सहज नेतो का? मग मूळ क्लब मूर्खच ना?

नेतो, पण सहज नाही. रूल ५ ड्राफ्ट म्हणजे अमेरिकी बेसबॉलमध्ये दर डिसेंबरला मेजर लीगचे क्लब एकमेकांच्या मायनर लीगमधले, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरचे, खेळाडू उचलतात ती फेरी. क्लबने चाळीस जणांच्या रोस्टरवर, म्हणजे मुख्य यादीत, घेतलेला खेळाडू ‘प्रोटेक्ट’ झालेला, त्याला कोणी उचलू शकत नाही. एक लाख डॉलर भरावे लागतात. ‘मूर्ख’ या शब्दावरून मात्र माझं बेसबॉल बघणाऱ्या मित्रांशी जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

सगळे सांतानाचं नाव घेतात. योहान सांताना, व्हेनेझुएलाचा डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा), ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसच्या मायनर लीगमध्ये होता. १९९९ साली तो क्लास ए मध्ये खेळत होता, म्हणजे मेजर लीगपासून बऱ्याच पायऱ्या खाली, आणि तिथेही त्याचा ईआरए (पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा; जितका कमी तितका चांगला) ४.६६. ह्यूस्टनने त्याला चाळीसच्या रोस्टरवर घेतलं नाही. डिसेंबरच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिनेसोटा ट्विन्सची, दुसरी फ्लोरिडा मार्लिन्सची. सौदा आधीच ठरलेला होता. ट्विन्सनी जॅरेड कॅम्पला उचललं, मार्लिन्सनी सांतानाला, मग अदलाबदल झाली आणि वर मार्लिन्सनीच ट्विन्सना ५०,००० डॉलर दिले. तेव्हा ड्राफ्टची फी तेवढीच होती. कॅम्प मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. सांतानाने २००४ आणि २००६ चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार जिंकला.

यावरून ह्यूस्टन मूर्ख आणि ट्विन्स द्रष्टे, असं म्हणणाऱ्यांनी सांतानाचा २००० चा मोसम बघावा. ८६ इनिंग, ईआरए ६.४९. वर्षभर मार खात होता. तरी त्याला खाली पाठवता येत नव्हतं, कारण या ड्राफ्टची खरी किंमत फी नसून जागा आहे. निवडलेला खेळाडू पुढचा पूर्ण मोसम सक्रिय रोस्टरवर, म्हणजे प्रत्यक्ष सामन्यांसाठीच्या संघात, ठेवावा लागतो (तेव्हा २५ जणांचं, २०२० पासून २६ जणांचं). १९९९ मध्ये ह्यूस्टनने ९७ सामने जिंकले होते, ट्विन्स ९७ हरले होते. हरणाऱ्या संघाला एक जागा वाया घालवणं परवडतं. ड्राफ्टचा क्रम उलटा, तळाच्या संघापासून, असतो तो याचसाठी.

आता पात्रता, कारण इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. सही करताना वय १८ किंवा कमी असेल (वय सहीच्या आधीच्या ५ जूनला धरतात), तर तो सहीनंतरच्या पाचव्या ड्राफ्टला खुला होतो. १९ किंवा जास्त असेल तर चौथ्या. म्हणजे २०२० ला शाळेतून घेतलेला आणि २०२१ ला कॉलेजमधून घेतलेला, दोघेही डिसेंबर २०२४ ला एकदमच उघड्यावर येतात. क्लबने नोव्हेंबरच्या मुदतीत चाळीसच्या रोस्टरवर चढवलं तरच ते वाचतात. आणि निवडणाऱ्याच्या चाळीसमध्ये जागा रिकामी नसेल, तर त्याला निवडताच येत नाही.

मोसमात जमलं नाही तर आधी वेव्हर्स, म्हणजे बाकीच्या क्लबांना तो घ्यायची संधी. तिथे तिसऱ्या क्लबने घेतला तर हीच अट त्याच्या गळ्यात. कोणीच घेतला नाही तर मूळ क्लबला ५०,००० डॉलरला परत देऊ करायचा. तो नको म्हणाला, तरच खाली पाठवायची मुभा. फिलाडेल्फियाला शेन व्हिक्टोरिनो असाच मिळाला: त्याच्या मूळ क्लबने, डॉजर्सनी, परत घ्यायला नकार दिला. मूर्खच म्हणायचं असेल तर अशांना म्हणा!

दुखापतीच्या यादीत ढकलून पळवाट काढता येईल असं वाटेल, पण किमान ९० दिवस सक्रिय राहावं लागतं, उरलेले दिवस पुढच्या मोसमात भरायचे. बाल्टिमोरने डिसेंबर २०१६ मध्ये क्लीव्हलँडकडून घेतलेल्या अँथनी सांतांदेरचं तेच झालं. २०१७ बहुतेक दुखापतीत गेलं, म्हणून २०१८ च्या सुरुवातीलाही त्याला वरच ठेवावं लागलं. २०२४ मध्ये त्याने ४४ होमरन मारले.

माझ्या मते रिलीफ पिचर (सामन्याच्या मध्येच बदली येणारा) घेणं सगळ्यांत शहाणपणाचं. त्याला हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या इनिंगमध्ये लपवता येतं. कच्च्या शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) बाकावर बसवलं तर त्याचं वर्षच फुकट जातं.

दोन गोष्टी राहिल्या. निवडलेले बरेचसे शेवटी परतच जातात, त्यामुळे सांताना हा नियम समजू नका. आणि हे सगळं मेजर लीगच्या फेरीबद्दल झालं. त्याच दिवशी होणाऱ्या मायनर लीगच्या फेरीत फी २४,००० डॉलर आहे आणि परत करण्याची भानगड नाही.